खुर्चीनं ऐकलेली उपकारस्तुती

मी एक व्हीलचेअर बोलतेय. लासुर्ण्यात मला सगळे चाकाची खुर्ची म्हणतात. आवाज कुरकुरल्यासारखा येईल, माफ करा. डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय.

आधी मी बारामतीच्या एका दवाखान्यात होते. माणसं बसली, उतरली. कुणाचं नावही कळलं नाही. पुढं दवाखान्यात नव्या खुर्च्या आल्या आणि मला लासुर्ण्याच्या ख्रिस्ती मंडळीला देऊन टाकलं. तिथल्या चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मला कुंडलिक तात्यांच्या दारात पोहोचवलं.

तात्या कालव्यावर पाटकरी होते. उभी हयात लोकांच्या उसाला पाणी सोडण्यात गेली. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. मुलगा दीपक एमआयडीसीत पाळ्या करायचा, घरी यायचा तो झोपायलाच. तात्यांचं सगळं सुनेवर, रेश्मावर आलं. उचलणं, अंघोळ, घास भरवणं, मला ढकलणंही तिच्याच वाट्याला.

जेवणाआधी तात्या डोळे मिटायचे. जड जिभेनं लांबलचक प्रार्थना चालायची. "प्रभू, या भाकरीसाठी तुझे आभार. अंगावरच्या धुतल्या कपड्यासाठी तुझे आभार…" रेश्मा वाटी धरून उभी, शेवटी 'आमेन' म्हणायला. कालवण गार व्हायचं.

अशी सहा वर्षं गेली. एका दुपारी ती 'आमेन' म्हणालीच नाही.

"तात्या, एक इचारू का?"

"इचार की."

"भाकरी मी थापली. कापडं मी धुतली. तुमी रोज देवाचं आभार मानता, मानावंतच. पर सहा वर्सांत माझं नाव एकदाबी तुमच्या तोंडी आलं न्हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता, म्हणून ते जास्त लागलं. तात्यांचा चांगला हात माझ्या दांडीवर घट्ट आवळला गेला. पुढचे चार दिवस त्यांची प्रार्थना मनातल्या मनातच चालली.

मग उपकारस्तुतीचा रविवार आला. त्या दिवशी मंडळी कणसं, भोपळे, गूळ घेऊन चर्चमध्ये येते आणि एकेक जण देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. तात्या दरवर्षी बोलत. रेश्मानं पहाटेपासून घरचं उरकून मला कच्च्या रस्त्यानं ढकलत आणलं. शेजारच्या बाकावर टेकली आणि पहिलं गाणं संपायच्या आत भिंतीला डोकं लावून झोपली.

तात्यांची पाळी आली. पाळक माइक घेऊन आले. तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. रेश्मा झोपलीय."

पाळकांनी माइक बंद केला आणि कान जवळ नेला.

"मी म्हणत आलो, देवानं दिलं," तात्या पुटपुटले. "कुणाच्या हातनं दिलं, ते बघितलंच न्हाय. आज हिच्यासाठी आभार माना. पर हिला उठवू नका."

पाळकांनी दबक्या आवाजात तिचं नाव घेऊन प्रार्थना केली. शेवटचं गाणं लोकांनी गुणगुणल्यासारखं म्हटलं आणि पाय न वाजवता बाहेर पडले. तात्या पुढं तासभर तसेच बसून राहिले. पाठ दुखत होती, सारखे अंग सावरत होते. पण त्यांनी हाक मारली नाही.

रेश्मा दचकून जागी झाली. "तात्या, उठवायचं न्हाय व्हय? भूक लागली आसंल."

"लागलीय. पर तुझी झोप झाली का?"

 मग पदरानं तोंड पुसून तिनं माझा ब्रेक सोडला.

गेल्या उन्हाळ्यात तात्या प्रभूकडं गेले. शेवटपर्यंत त्यांच्या प्रार्थनेत देवाच्या मागोमाग रेश्माचं नाव यायचं, आणि 'आमेन' म्हणताना ती अडखळायची.

आता मी चर्चच्या मागच्या खोलीत उभी आहे. सीट फाटलीय, अंगावर धूळ बसलीय. कुणाच्या घरी गरज पडली तर मला न्या. बसणाऱ्याला मी सांभाळीन. फक्त मला ढकलणारं माणूस दमलं, तर त्यालाही दोन घटका माझ्यावर बसू द्या.