भाऊकीच्या फोटोसाठी कॅमेरा कोणता

सुपारीचं एक खांड.

साठपट झूम.

धुऱ्यावरची बाभूळ. तिचं वय कोणाला माहीत नाही. तिच्यावरून झालेल्या भांडणाचं वय अकरा वर्षं.

ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यावर पाण्याच्या दोन टाक्या.

एकतीस डोकी, तीन रांगा.

एक माणूस. त्याचा धूर झाला.

यातल्या कशाचा कशाशी संबंध नाही असं वाटत असेल तर वाटू द्यावं. निताच्या लग्नाच्या दिवशी योगिनीलाही तसंच वाटलं होतं.

स्पर्धक

कामरगावात बस थांबते तिथेच, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून योगिनीचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक निळा पडदा, एक स्टूल आणि खिळ्याला टांगलेला तयार गाठीचा टाय. त्या टायमध्ये अर्ध्या तालुक्याने नोकरीचे अर्ज भरले असतील.

तिचा कॅमेरा सुपरझूम. लेन्स निघत नाही, बदलत नाही, जो आहे तो मरेपर्यंत तोच. पहिले मालक कारंज्याचे एक निवृत्त मास्तर. ते सोहोळच्या रानात काळविटं टिपत. मास्तरांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कॅमेरा योगिनीकडे आला. बटण दाबलं की नळी बाहेर येऊ लागते, आणि येतच राहते. काळविटं टिपणारं भिंग व्याही टिपू लागलं. फार फरक पडला नाही. दोघंही जवळ गेलं की बुजतात.

मंगरुळच्या विकासकडे मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा होता. कंपनीच्या यादीत तो सगळ्यात खालच्या पायरीवरचा, पण ती यादी आसेगावात कोणी वाचली नव्हती. विकास चारचौघांत लेन्स काढायचा, हातरुमालावर ठेवायचा, फुंकर मारायचा, पुन्हा बसवायचा. तेवढा वेळ मांडवातले लोक आपोआप गप्प होत. ज्याचा लेन्स निघतो तो फोटोग्राफर, ज्याचा निघत नाही तो फोटोवाला, असं पंचक्रोशीत ठरून गेलं होतं. योगिनीला तर लोक 'दुर्बीणवाली' म्हणत.

आसेगावच्या राजपालच्या घरी यंदा दोन लग्नं होती. थोरल्या निताचं वैशाखात, धाकट्या शीलाचं दिवाळी झाल्यावर. त्यांचा भाऊ वीरेंद्र चप्पल घ्यायची म्हटली तरी आधी दोन चपलांच्या तुलनेचा व्हिडिओ बघणारा. त्याने योगिनीला फोन लावला.

"ताई, सरळ गोष्ट हाये. निताच्या लग्नात तुमी बी काढा, विकासभाऊ बी काढन. ज्याचे फोटो सरस, शीलाचं लग्न त्याचं. अन् या साऱ्या पट्ट्यातले लोकं आमच्या घरचा अल्बम पाहूनच फोटोवाला ठरवतात. तुमाले मालूम हाये."

योगिनीला मालूम होतं. गेल्या हंगामात विकासने तिची पाच लग्नं नेली होती. हे घर गेलं की निळा पडदा, स्टूल आणि टाय एवढंच उरणार, आणि मग जन्मभर लोकांना "हनुवटी खाली घ्या" सांगत बसायचं.

उजेड कमी असताना

हळद संध्याकाळी लागली. मांडवात दोनच बल्ब, त्यातला एक लुकलुकणारा. योगिनीच्या फोटोत निताच्या गालावर हळद कमी आणि बाजरी जास्त दिसत होती. सगळ्या फोटोवर दाणे. विकासच्या फोटोत तीच निता लोण्यासारखी.

"हे पाय," वीरेंद्र दोन्ही पडदे शेजारी धरून म्हणाला. "सेन्सर मोठा म्हनून."

योगिनीने आपला कॅमेरा बंद केला. खरं होतं ते.

बॅटरी

दोघांच्याही पुरल्या.

सेन्सर

आता भाऊकीचा फोटो म्हणजे काय, हे सांगायला हवं. या घरांत लग्न लागून पंगती उठल्या की नवरानवरीला पुढे बसवून सगळी भाऊकी मागे उभी करतात आणि एकच फोटो काढतात. तो काचेत जातो आणि बैठकीत दारासमोर लागतो. कोणाचं कोणाशी बोलणं आहे, कोणाचं बंद, हे पाहुणा त्या फोटोवरून ओळखतो. फोटोत आहे तो घरचा. फोटोत नाही त्याच्याबद्दल विचारायचं नाही.

राजपालच्या बैठकीतल्या शेवटच्या फोटोत त्याचा मोठा भाऊ जगदेव नव्हता. धुऱ्यावरची, म्हणजे सामाईक बांधावरची, बाभूळ कोणाच्या वावरात मोडते यावरून दोघांचं तोंड फिरलं होतं. शेताला शेत लागून, पण अकरा वर्षं एकाने खोकला काढला तरी दुसऱ्याने मान वळवली नाही. या लग्नाला राजपाल स्वतः जाऊन "दादा, ये" म्हणाला, आणि जगदेव आला. नवं धोतर, गुलाबी फेटा. आला, जेवला, कोणाशी बोलला नाही, आणि फोटोची हाक झाली तेव्हा जाऊन मागच्या रांगेत उभा राहिला. साऱ्या मांडवाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

विकास ऐन समोर गुडघ्यावर बसला.

"विकासभाऊ, ब्लर पायजे बरं का. पूरं ब्लर," वीरेंद्र म्हणाला.

"तुमी पायतच राहा," विकास म्हणाला आणि लेन्स जेवढा उघडतो तेवढा उघडला.

योगिनी त्याच्या मागे उभी राहू लागली तर वीरेंद्रने हात हलवला. "ताई, तुमची सावली येऊन राह्यली. मांगं व्हा ना जरा."

ती मागे झाली. अजून मागे. मांडव संपला.

झूम

मांडवाबाहेर उन्हात पाण्याच्या टाक्या आणलेली ट्रॉली उभी होती. योगिनीने पदर खोचला, चाकावर पाय देऊन वर चढली आणि दोन टाक्यांच्या मध्ये कोपरं टेकून बसली. खाली पंगत नुकतीच उठलेली, सुपारीचं ताट रांगांमधून फिरत होतं. तिने बटण दाबलं. नळी निघाली.

"ओ दुर्बीणवाल्या बाई," खालून कोणीतरी ओरडलं, "रानातली रोही दिसून राह्यली का?"

"दिसते ना. हातात ताट घेऊन उभी हाये," योगिनी म्हणाली.

लोक हसले, रांगांतली डोकी आपोआप वर झाली, आणि तिने बटण दाबलं.

चित्राची स्पष्टता

आठ दिवसांनी दोघंही फोटो घेऊन राजपालच्या बैठकीत आले. वीरेंद्रने टीव्हीला वायर जोडली होती. जगदेवलाही बोलावलं होतं. तो खुर्चीवर न बसता दाराशी सतरंजीवर बसला. आलो आहे, पण पूर्ण आलो नाही, असं. रामीबाई, म्हणजे राजपालची बायको, डोक्यावर पदर ओढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, ती उंबरा ओलांडत नसे. भांडण असो नसो.

आधी विकासचा फोटो लागला.

निता आणि नवरदेव असे उजळून निघाले होते की पापण्यांचे केस मोजावेत. त्यांच्या मागे पहिली रांग ओळखू येत होती. दुसरी रांग दुपारी डोळा लागता लागता दिसते तशी. तिसऱ्या रांगेत रंगीत ढग होते.

"वा!" वीरेंद्र म्हणाला.

जगदेव पुढे सरकला. डोळे बारीक केले. "मी कुठं हाये यात?"

"बडेबाबा, हे पाहा ना. गुलाबी."

"हे?"

"हो."

"हा तं धूर हाये."

"धूर नाही, काका, ब्लर," विकास समजावू लागला. "मांगचं मऊ केलं म्हंजे समोरचं उठून दिसते. साऱ्या दुनियेत हेच चालू हाये. लोकं याच्यासाठीच महागाचा कॅमेरा घेतात."

"मले मऊ करासाठी?"

"तुमाले नाही, काका, मांगच्याले."

"मांगं मीच होतो ना बे!" जगदेव उठला. "अकरा वर्षांनं आलो. आलो तं मले पुसून टाकलं. बोलवाचं कायले मग? शीलाच्या लग्नात सरळ धूरच करा एका कोपऱ्यात, मी घरीच बसतो."

त्याने चपलेत पाय घातला. राजपालचं तोंड उतरलं. वीरेंद्र रिमोटची बटणं उगाच दाबत राहिला.

"दादा, जरा थांबा," योगिनी म्हणाली. "माझा एक राह्यला."

तिचा फोटो लागला. काही खास नव्हता. निताचा चेहरा विकासच्या फोटोतल्याइतका उजळ नव्हता, मांडवाचा ठिगळ लावलेला पडदा ठिगळासकट आला होता, खांबाला बांधलेली सुतळीही. पण एकतीसच्या एकतीस डोकी अशी स्वच्छ होती की कोणी दाढी केली नव्हती तेही कळत होतं. कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा. त्याला पुढचं-मागचं असा भेदच करता येत नाही. आणि मागच्या रांगेत, डावीकडून चौथा, गुलाबी फेट्याच्या प्रत्येक पिळासह, जगदेव.

"हे झालं ना काम!" राजपाल ओरडला. "हे पाय दादा, तुही मिशी बी मोजून घे."

वीरेंद्रने हौसेने रिमोटने चित्र मोठं केलं. जगदेवचा चेहरा टीव्हीभर झाला. मग चित्र थोडं सरकलं आणि त्याच्या शेजारून दुसऱ्या रांगेतला एक चेहरा आत आला.

वीरेंद्रचा अंगठा रिमोटवरच थांबला.

रामीबाई. पदर कपाळावरून ढळलेला, मान मागे वळलेली, एक डोळा बारीक, ओठ पार कानापर्यंत वाकडे. नजर थेट जगदेवकडे. असं तोंड माणूस कडू कारल्यालाही करत नाही.

"रामे," राजपाल हळूच म्हणाला, "भासऱ्याले पाहून असं तोंड करते का वं?"

"मी कायले करू?" उंबऱ्यातून आवाज आला. "मी नाही केलं."

"मंग हे कोन हाये?"

"मले काय मालूम! या बाईची मशीनच वाकडी असन."

विकासच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू आलं. "काका, म्हनून ब्लर पायजे. काही गोष्टी मऊच बऱ्या असतात."

योगिनीच्या डोळ्यांसमोर निळा पडदा आला. स्टूल आलं. टाय आला.

जगदेव एक चप्पल घातलेला, एक न घातलेला, टीव्हीसमोर उभा होता. किती तरी वेळ त्याने ते वाकडं तोंड पाहिलं. मग ती एक चप्पलही काढली आणि खुर्चीवर बसला. पुरता.

"लग्नात सारे मले गोड बोलले," तो म्हणाला. "या दादा, बसा दादा, पापड घ्या दादा. मले वाटलं, नाटक चालू हाये. मी इथं हाव का नाही, माझंच मले समजत नव्हतं. हे तोंड पाह्यलं, अन् पटलं. अकरा वर्षं माझ्यावर जो राग होता तो हा. इतका सच्चा राग घरच्यावरच येते." त्याने योगिनीकडे बोट केलं. "हाच फोटो काचेत घाला. एक इथं, एक माह्या घरी. अन् शीलाचं लग्न ही पोरगी काढन. बाकीच्याले मऊ करा, नाहीतर उकडा, मले काही घेनंदेनं नाही."

वीरेंद्रने तोंड उघडलं. राजपालने त्याच्याकडे पाहिलं. वीरेंद्रने तोंड मिटलं.

निकाल

योगिनी निघाली तेव्हा रामीबाईने तिला गोठ्याआड गाठलं.

"पोरी, ते माहं तोंड पुसता येईन का वं? तेवढंच?"

येत होतं. पाच मिनिटांचं काम होतं. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर योगिनी रोज कोणाचा ना कोणाचा मुरूम पुसते, एकदा तर एकाला केस लावून दिले होते.

"नाही येत, वयनी," ती म्हणाली. "या मशीनमधी जे येते ते पक्कं येते."

"पन मी तसं केलंच नव्हतं वं. काहून करीन मी? मले आठवतच नाही."

"आता राहू द्या ना. दादा खूश हायेत."

रामीबाई उभी राहिली. जिभेने उजव्या गालात काहीतरी चाचपलं, सवयीने, आणि आत गेली.

आसेगावात आता दोन बैठकींत तो फोटो आहे. योगिनीने स्टुडिओच्या पाटीवर 'भाऊकीचे फोटो, मागची रांग स्पष्ट' असं रंगवून घेतलं, आणि दिवाळीनंतरच्या सगळ्या तारखा गेल्या. विकासने एक जुना सुपरझूम घेतला आहे असं ऐकलं. तो पिशवीतून काढत नाही.

फोटो निघाला त्या वेळी रामीबाईच्या उजव्या दाढेत सुपारीचं खांड अडकलं होतं.