पंचमीच्या आदल्या दिवशीचा बिब्बा

पुण्याच्या दवाखान्यात मथुराबाईंच्या गुडघ्यातून सुईनं काढलेलं पाणी ताकासारखं गढूळ निघालं. फेब्रुवारीत इथंच त्यांचा झिजलेला सांधा काढून धातूचा बसवला होता. त्यानंतर आपल्या गावी, तेरला, त्या नदीकाठची दरड उतरून तेरणेच्या कोरड्या पात्रात जायच्या, वाळूत खणलेल्या झिऱ्याकाठच्या दगडावर बसून वाटीनं घागर भरायच्या.

"कधीपासून दुखतंय, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ दिस."

"आणि हे काळे डाग?"

"त्ये लई जुनं."

शेजारी उभ्या असलेल्या सुनेनं, गुलाबनं, मान खाली घातली.

"पू नुकताच झाला असेल तर सांधा उघडून धुतो, धातू तसाच ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "जुना असेल तर जंतू धातूवर थर धरतात. तो धुऊन निघत नाही. मग सगळं काढून हाडाला हाड जुळवावं लागतं. पाय कायमचा सरळ राहतो."

"आणि जुना असून नुसतंच धुतलं तर?" गुलाबनं विचारलं.

"पू परत येतो. रक्तात गेला तर जिवावर बेततं."

डॉक्टर बाहेर जाताच मथुराबाईंनी तिचं मनगट धरलं. "तोंड उघडू नगंस. ताठ पायानं म्या दरड कशी उतरू? तुझा नवरा बब्रुवान कारखान्याची साखर आणतोय, पाणी आणतोय व्हय?"

"पर आत्याबाई, बिब्बा..."

"म्या मागितला, पर घातला कुणी?"

गुलाबला तो दिवस पक्का आठवत होता. दिव्यावर सुई तापवून तिनं बिब्ब्यात खुपसली होती आणि त्या तेलाचे पाच ठिपके गुडघ्यावर दिले होते. 'आजच घाल,' सासू म्हणाली होती, 'उद्या नागपंचमी, लोखंड तापवायचं न्हाय.' पाचव्या दिवशी फोड फुटले. पोळ्याला गुडघा तव्यासारखा तापला होता. आता घट बसायला दोन दिवस होते.

तिनं मनगट सोडवलं आणि डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं.

"आठ दिस न्हाईत, सायेब. बिब्बा म्याच घातला. पावणेदोन महिने झाले."

डॉक्टर रागावले नाहीत. फोड कधी फुटले, ताप कधी आला, एवढंच त्यांनी विचारलं आणि कागदावरचे 'आठ दिवस' खोडले.

धातू काढून हाडाला हाड जुळवलं. उन्हाळ्यात प्लास्टर निघालं. पाय लाकडासारखा सरळ. झिऱ्यावर गुलाब एकटीच दोन खेपा जास्त घालत होती. त्याआधी रोज सकाळी ती हाताच्या पाठीनं तो गुडघा चाचपायची, पुन्हा तापलाय का ते बघायला.

"तापलाय का, सांग की," एके सकाळी मथुराबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या. "दिस मोजायला बरं आलं तुला."

गुलाबनं दुसऱ्या गुडघ्यावर हात ठेवला, मग पुन्हा या गुडघ्यावर. फरक होता की नव्हता?

"कळंना, आत्याबाई. उद्या बघू."

मथुराबाई वळल्या. तिचा हात धरून त्यांनी गुडघ्यावर दाबला.

"उद्या कशाला? आत्ताच बघ. नीट."