खजिन्याच्या पेटीलाही भूक लागते

मी एक लाकडी पेटी, जेमतेम वीतभर लांबीची. विद्युलताबाईंनी मला जॉर्ज टाउनच्या बाजारातून वाती ठेवायला आणलं. पण आवडी नावाच्या गावातल्या त्यांच्या क्वार्टर्समध्ये पोचताच त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं, ऊर्मीनं, मला पळवलं.

ते २००६ साल. दर शनिवारी दुपारी ऊर्मीची मित्रमंडळी हॉलमध्ये फरशीवर बसून एक खेळ खेळत. ऊर्मी गोष्ट सांगायची. बाकीचे त्यातले वीर होऊन फासे टाकत लढायचे. मला मध्ये ठेवून ती म्हणाली, "गुहेत खजिन्याची पेटी आहे." मकरंदच्या वीरानं झाकण उचललं.

"पेटी नाहीच ती! पेटीचं सोंग घेतलेला राक्षस आहे. गेला तुझा हात!"

"अय्यो!" मकरंद ओरडला. सगळे हसून लोटपोट झाले. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

पण ऊर्मीला चटकच लागली. दार राक्षस, शिडी राक्षस, बादलीसुद्धा राक्षस. वीर इतके धास्तावले की एका शनिवारी त्यांनी तीन तास एका स्टुलाला भाल्यानं टोचण्यात घालवले. ते साधं स्टूलच निघालं.

"पुढच्या आठवड्यानंतर मी आपला क्रिकेटला जाणार," मकरंद वैतागून म्हणाला. ऊर्मीचा चेहरा उतरला.

मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकलीची, रिकामी ताटली उचलताना विद्युलताबाईंनी विचारलं, "ऊर्मे, तुझा राक्षस चावण्याशिवाय दुसरं काही करतच नाही का गं?"

ऊर्मी आठवडाभर मला समोर घेऊन विचार करत बसली.

शनिवारी गुहेत पुन्हा मीच. मकरंदनं भाला उगारला. तेवढ्यात शर्मिष्ठा बोलली. ती तंजावरकडच्या घरातली. आपल्या जुन्या वळणाच्या मराठीला कुणी हसेल म्हणून गप्पच असायची.

"थांब रे! पेटीबाई, तुम्हाला भूक लागली आहे का?"

ऊर्मी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तीनशे वर्षं इथे बसलेय. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

शर्मिष्ठाच्या वीरानं मला आपली शिदोरी दिली आणि मी त्यांच्या टोळीत सामील झाले. ओझं वाहायचं, पहारा द्यायचा, शत्रू आला की मुकाट पेटी होऊन बसायचं. मकरंदनं क्रिकेटचं नाव पुन्हा काढलं नाही. शर्मिष्ठा तर आता कुणाला बोलू देत नाही!

यंदा, २००९ साली, माझी बिजागरी निखळली. मकरंदनंच अंबत्तूरहून नवी बसवून आणली. विद्युलताबाईंनीही मला अर्धं परत मिळवलंय. माझ्या पोटात फाशांशेजारी त्यांच्या सेफ्टी पिना असतात. तेव्हा हात घालताना जरा जपून. मी चावणं कधीच सोडलंय. पिनांची हमी मात्र मी देत नाही.