एकही उत्तर न चुकलेल्या बाई

“घड्याळ समोर ठेवू नये गं, माणूस बिचकतो. किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी,” असं म्हणत बाईंनी डाव्या हाताने लाल-पांढरे ठोकळे चित्राबरहुकूम लावूनही टाकले.

उभा जन्म बाईंनी याच खोलीत लोकांची बुद्धी मोजली होती. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला आणि आज मोजणारी होती त्यांचीच विद्यार्थिनी. तिने होकार दिला तर बाई आपल्या घरी एकट्या राहणार, नाहीतर मुलाकडे. मुलगा गुणी होता. त्याच्याकडे कशाला म्हणून कमी पडलं नसतं, फक्त दाराची किल्ली हाती आली नसती.

सगळी उत्तरं बरोबर आली, तरी विद्यार्थिनीचा चेहरा उतरलेलाच.

“बाई, तुम्हाला सगळं पाठच आहे. यावरून मी काय ठरवू?”

बाई गप्प बसल्या असत्या तर कदाचित निभावलंही असतं, पण बसवेना.

“बोलतो तर पोपटही,” त्या म्हणाल्या. “साठवलेलं वेगळं, नवं समोर आल्यावर डोकं चालणं वेगळं. मीच घोकून घेतलंय ना तुमच्याकडून? मग मला न येणारं काहीतरी दे.”

विद्यार्थिनीने इकडेतिकडे पाहिलं आणि बाईंच्या बुटाची नाडी सोडली. सकाळी ती मुलाने बांधून दिली होती. एका हाताने कशी बांधायची, ते तिने एकदाच करून दाखवलं.

पहिल्यांदा नाडी सुटली. दुसऱ्यांदाही. बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. मग त्यांनी नाडीचं एक टोक दुसऱ्या पायाखाली दाबून धरलं आणि उरलेल्या टोकाशी झटापट करत गाठ मारली. ओबडधोबड, पण घट्ट.

“हे मी दाखवलं नव्हतं,” विद्यार्थिनी म्हणाली. आता ती हसत होती.

“वेळ किती लागला?”

“घड्याळ लावलंच नाही.”

“नियमात बसत नाही हे,” बाई पुटपुटल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

विद्यार्थिनीने बाहेर थांबलेल्या मुलाला आत बोलावलं. “बाई घरी राहू शकतील,” ती म्हणाली, “रोज फोन मात्र करायचा.” त्या झटापटीत बाईंच्या दुसऱ्या बुटाची नाडीही सुटली होती. मुलगा सवयीने खाली वाकला.

“आई, मी बांधतो.”

“तू हात लावू नकोस.”

मुलगा सरळ झाला. खिशातून आईच्या घराची किल्ली काढून, ती हातात घेऊन तो तिची गाठ पुरी होईपर्यंत उभा राहिला.