सहा खाचांच्या बाटलीत ब्रेकचे तेल

मित्रांनो, माझ्या पोटावर कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. तिच्या कडेला सहा खाचा होत्या, एका खाचेला एक डोस. त्यावरून ओळखा. मी एक जुनी औषधाची बाटली आहे.

केनवडच्या उकंडरावांच्या खोकल्याचे औषध घेऊन मी दवाखान्यातून आले. औषध वरून खाली संपत गेले. खोकला थांबला. सगळ्यांनी औषधाची स्तुती केली आणि मला गोठ्याच्या कोनाड्यात ठेवून दिले. पुढे एकाच दिवशी मी पुन्हा भरले, तीही खालून वर. म्हणून गोष्ट खालच्या खाचेपासून सांगते.

सहावी खाच

दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती. उकंडरावांच्या मुलाने, रामरावाने, जुनी मोटार घेतली होती. तिचा ब्रेक दाबला की पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जाई. तेल जुने झाले होते आणि नळ्यांत हवा शिरली होती. रामरावाची बायको रुख्मिणी हिला दुसऱ्या दिवशी माहेरी, शेलूबाजारला पोचायचे होते. तिसऱ्या दिवशी तिच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. बैलगाडीला दोन दिवस लागले असते.

उकंडरावांनी बजावले होते, "दिवस बुडायच्या आत ब्रेक लागला तं मोटार. नाही तं घरी बसा. उतारावर मी सुनेले मरायले धाडत नाही."

तेलाचा डबा एकच होता, अकोल्याहून महिनाभराने मिळालेला. त्यातले नवे तेल ब्रेकच्या टाकीत वरून ओतायचे आणि जुने चाकांपाशी खालून काढायचे.

मला कोनाड्यातून घेऊन रामराव मोटारीखाली शिरला. मागच्या चाकाच्या हवा काढायच्या स्क्रूला त्याने रबरी नळी लावली आणि तिचे दुसरे टोक माझ्यात सोडले. रुख्मिणी ब्रेकच्या पायडलवर पाय ठेवून बसली. तिने दाबून "दाबलं" म्हणायचे. त्याने स्क्रू सैल करायचा, म्हणजे काळे तेल आणि बुडबुडे माझ्यात येणार. त्याने स्क्रू आवळून "सोड" म्हटले, की मगच तिने पाय उचलायचा.

पण ओट्यावर सासरे बसले होते, आणि त्यांच्यासमोर सुनेने तोंडातून शब्द काढायची रीत नव्हती. रुख्मिणी दाबे आणि पदराआड गप्प राही. रामराव अंदाजाने स्क्रू उघडे, तोवर थकून तिचा पाय वर आलेला असे. गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाई.

"अवं, सांगशील का नाही?" रामराव खालून म्हणाला. "का जीभ शेलूबाजारले पुढं धाडली?"

पाचवी खाच

डबा अर्धा झाला तेव्हा रुख्मिणीला युक्ती सुचली. पायडल दाबले की भोंग्याचा फुगा पिळायचा. पोंऽ. रामरावाला बरोबर कळू लागले. तीन चाके झाली.

पण भोंगा वाजला की मोटार निघाली, एवढेच गावाला ठाऊक होते. शेजारची सोजरबाई गाठोडे घेऊन आली आणि सरळ मागच्या सीटवर बसली.

"मले मालेगावले सोडजा."

"बाई, मी खाली हाओ," रामराव म्हणाला. "पयले उतर."

तिच्यामागून आणखी माणसे येतच होती.

चौथी खाच

उकंडराव उठले. "सूनबाई, थो पोंगा सोड. सारं गाव जमा करून राह्यली. तोंडानं सांग."

तिने पदर आणखी पुढे ओढला. एक चाक बाकी होते आणि डब्यात दोन बोटे तेल.

"हे पाह्य, मी तिकडं तोंड करतो," असे म्हणून ते भिंतीकडे वळले.

"दाबलं," पदराआडून आवाज आला.

"सोड."

"दाबलं." हा जरा मोठा होता.

भिंतीकडे पाहतच सासरे म्हणाले, "आवाज तं चांगला हाये. इतके दिवस कायले दडवला?"

माझ्यात मधाच्या रंगाचे तेल उतरले. त्यात एकही बुडबुडा नव्हता. पायडल दगडासारखे घट्ट झाले. दिवस अजून बुडाला नव्हता.

वरच्या तीन खाचांचा कागद तोंडावरून ओघळलेल्या तेलाने गळून गेला, म्हणून माझ्या खाचा इथेच संपतात. दुसऱ्या दिवशी मला सीटखाली ठेवून रामरावाने मोटार काढली. उतारावर एक बैल आडवा आला.

"दाबा," मागून रुख्मिणी म्हणाली.

मोटार बैलापासून हातभर अलीकडे थांबली. डोळ्यावर पट्टी बांधण्याआधी आईने लेकीला पाहिले.

आता मी पुन्हा कोनाड्यात आहे. मित्रांनो, मला कितीही धुतले तरी माझ्यातून काही पिऊ नका. ब्रेकचे तेल वेळेवर बदला, काढलेले तेल पुन्हा ओतू नका. आणि पायडलवर जो बसला असेल, त्याला बोलू द्या.