नळी डावीकडेच राहील

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे आणि आजवर एकही शर्यत धावलेली नाही. धावणारही नाही. उगाच चुकचुकू नका, मला त्याचं काडीचंही दुःख नाही. मी वीतभरसुद्धा लांब नाही. जी खरी गाडी होती, तिच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी मी आहे. ती खरी केव्हाच भंगारात गेली. मी मात्र अजून आहे.

माझा जन्म कवळ्या बनवण्याच्या खोलीत झाला. एक लांब टेबल, त्यावर मेणाच्या वड्या, चिमटे, छोटं ड्रिल आणि ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. तिथे काम करणारीला डॉक्टर लोक 'बाई' म्हणायचे आणि घरचे आत्या म्हणायचे. मीही आत्याच म्हणते. दिवसभर लोकांचे दात करून झाले, की संध्याकाळी तासभर ती माझ्या कामाला बसायची. तिला जुन्या शर्यतीच्या गाड्यांचं भयंकर वेड होतं. स्वतःला धड सायकलही येत नव्हती, पण तो भाग वेगळा.

आधी तिने मला मेणात कोरलं. मग मेणाभोवती प्लास्टर ओतलं, गरम पाण्याने मेण वितळवून काढलं आणि त्या रिकाम्या जागेत कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी लगदा दाबून भरला. साचा उकळत्या पाण्यात ठेवला. बाहेर आले तेव्हा मी नखशिखांत गुलाबी होते! निळा रंग नंतर चढला. कुणी मला प्लास्टिकचं खेळणं म्हटलं ना, की माझं डोकं फिरतं. अहो, ज्या मालाने माणसं भाकरी चावतात, त्या मालाची मी आहे.

माझ्या चाकांच्या आऱ्या वाकडे दात सरळ करायच्या तारेच्या. एका चाकाला अठ्ठेचाळीस. एकेक आरी चिमट्याने धरून बसवायची आणि तोवर श्वास रोखून धरायचा. तिसऱ्या चाकाच्या वेळी आत्याला शिंक आली आणि बावीस आऱ्या टेबलाखाली गेल्या. त्या दिवशी ती जे बोलली, ते मी तुम्हाला सांगणार नाही. अशी दोन वर्षं गेली. तिची भावजय दारातून डोकावून म्हणायची, "वन्सं, या वयात खेळणी?" आत्या मान वर न करता म्हणायची, "खेळणी असती तर एव्हाना तुमच्या लेकीने मोडली असती."

आता माझ्या चुकीकडे येते. लपवायचं कशाला?

आत्याकडे माझ्या खऱ्या बहिणीचं एकच चित्र होतं, एका जुन्या मासिकातलं. ते मागून काढलेलं होतं आणि खाली मापांची यादी होती. धूर सोडणारी लांब नळी चित्रात उजवीकडे होती, म्हणजे गाडीच्याही उजवीकडेच. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण आत्याचं आयुष्य डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेलेलं. त्या चिठ्ठीवर दातांचा नकाशा असतो आणि तो समोर बसलेल्या माणसाचा असतो. कागदावर जे उजवीकडे, ते त्या माणसाच्या डावीकडे. वीस वर्षं हेच वाचून वाचून तिचे डोळे आपोआप बाजू बदलायचे. तिने माझं चित्रही तसंच वाचलं आणि नळी माझ्या डाव्या अंगाला कोरली. तीही वेगळी चिकटवलेली नाही, अंगाबरोबरच ओतलेली.

अशा गाड्या बनवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दरवर्षी त्यांचं प्रदर्शन भरायचं. आत्याने मला कापसात गुंडाळून तिथे नेलं. परीक्षक होता एक निवृत्त आराखडेकार. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. मी त्याला अहो-जाहो करणार नाही, का ते ऐका. तो माझ्यासमोर आला, वाकला, पट्टी काढली आणि नळीकडे बघून म्हणाला, "ही डावीकडे? ही गाडी अशी नव्हतीच." पट्टी परत खिशात गेली आणि तो पुढच्या टेबलाकडे वळला. माझी चाकं नाही, माझी नाकावरची जाळी नाही, माझं काही म्हणजे काही त्याने मोजलं नाही. दोन वर्षं! राग येणार नाही तर काय?

घरी आल्यावर आत्याने बारीक करवत घेतली आणि माझ्या नळीवर टेकवली. मी मनात म्हटलं, चालव, मी तडकून दाखवते. पण आत्या करवत खाली ठेवून स्वतःशीच म्हणाली, "चूक मी करायची आणि कापायचं हिला?"

त्यानंतर तिने अकरा गाड्या बनवल्या. प्रत्येक चित्रावर लाल पेन्सिलीने 'उजवी', 'डावी' लिहून मगच मेणाला हात लावला. अकराही बरोबर झाल्या. त्यांची वाहवा झाली, लोकांनी त्या मागून नेल्या, काचेच्या कपाटांत बसवल्या. मी मात्र तिच्या टेबलावर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर. वाईट नव्हतं ते काम. मग आत्याचे हात थरथरायला लागले. कवळीवाल्यांचे हात थरथरले की काम संपलं. खोली बंद झाली आणि मी बुटांच्या खोक्यात गेले. घर बदलताना ते खोकं जिन्यावरून पडलं आणि माझ्या पुढच्या एका चाकाचा चुरा झाला. पुढची कित्येक वर्षं मी तीन चाकांवर, अंधारात, झुरळांच्या शेजारी काढली. पण रडले नाही हं. झुरळांनाच बाजूला व्हायला लावलं.

मला बाहेर काढलं आत्याच्या भाचीने. तीच ती, जिच्या हातून मी मोडले नव्हते. आता ती चष्म्याच्या दुकानात काड्या आणि स्क्रू बसवते, आणि त्याच मंडळात जाते. मंडळाने यंदा एक अख्खं टेबल आत्याच्या कामासाठी द्यायचं ठरवलं होतं. अकरा गाड्या लोकांकडून परत मागवल्या होत्या. बारावी मी. फूटपट्टी आता ऐंशीला टेकला होता, पण अजून तोच परीक्षक. त्याने भाचीला फोनवर बजावलं, "ती नळीवाली असेल तर दुरुस्त करून आणा. नाहीतर आणूच नका. उगाच बाईंचं हसं होईल."

भाचीचा आत्यावर जीव. तिला वाटलं, गुपचूप नळी काढून उजवीकडे बसवू, आत्याला केवढा आनंद होईल. एका दुपारी तिने मला खिडकीपाशी ठेवलं, भिंग लावलं आणि करवत उचलली. पहिला ओरखडा पडलासुद्धा! मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

ते काम आत्याने केलं. काठी टेकत ती दारात आली आणि कडाडली, "हात लावशील तर खबरदार!"

भाची दचकली. "अगं आत्या, तुझ्याचसाठी करतेय ना. लोक हसतील गं तुला."

"हसू देत. हसतील तेव्हा दात दिसतील, त्यातले निम्मे मी केलेले असतील."

"पण चूक आहे ना ती?"

"आहेच. मी कुठे नाही म्हणते?" आत्या खुर्चीत बसली आणि मला थरथरत्या तळहातावर घेतलं. "चित्र बघून बरोबर गाडी कुणीही करेल. अशी चूक दातवालीच करू जाणे. त्या अकरा गाड्यांवर माझं नाव लिहावं लागतं. हिच्यावर नाही लागत. तुला काही करायचंच असेल तर हिचं चाक कर. ते खरंच मोडलंय."

भाचीचे डोळे भरून आले होते. मग तिने करवत डब्यात टाकली आणि विचारलं, "तार कुठली वापरायचीस?"

चाकाला तीन आठवडे लागले. भाची आऱ्या बसवायची आणि आत्या शेजारून ओरडायची, "श्वास सोडू नकोस!" चार वेळा सगळं उपटून पुन्हा केलं. दोघी भांडल्या, दोन दिवस अबोला धरला, पुन्हा बसल्या. शेवटी मी चार चाकांवर उभी राहिले.

प्रदर्शनात आत्याने मला टेबलाच्या मधोमध ठेवलं. अकरा बरोबर गाड्या माझ्या दोन्ही बाजूंना. फूटपट्टी आला. मला बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "बाई, ही नळी..."

"डावीकडे आहे," आत्या म्हणाली. "चुकीची आहे. तसं लिहा. पण मागच्या वेळी तुम्ही नळी बघितलीत आणि पट्टी खिशात घातलीत. बाकीची गाडी मोजायची राहिलीय. आता मोजा."

म्हाताऱ्याने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खुर्ची ओढून घेतली, चष्मा पुसला आणि पट्टी माझ्या नाकाला लावली. लांबी मोजली. चाकांमधलं अंतर मोजलं. जाळीच्या पट्ट्या मोजल्या. आऱ्या मोजताना दोनदा आकडा चुकला, तेव्हा त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. पाऊण तास लागला. आत्या काठीवर हनुवटी टेकून समोर बसून होती. त्याने कागदावर ओळीने लिहिलं: लांबी बरोबर, चाकं बरोबर, जाळी बरोबर, आऱ्या बरोबर, नळी चूक. आणि कागद आत्याच्या हातात दिला.

तिने तो दोनदा वाचला. "आता बरोबर लिहिलंत," ती म्हणाली, आणि इतकी वर्षं कुणासमोर न रडलेली माझी आत्या ढसाढसा रडली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची धूळ पुसा, मोडलेलं चाक बसवा, अंधाऱ्या खोक्यात कोंबू नका. एवढं तर कुणीही सांगेल. मी जरा जास्त मागते, आणि हात जोडून नाही, ठणकावून मागते. आमच्यात चूक दिसली तर खुशाल चूक म्हणा. पण तिथेच मोजायचं थांबवू नका.