अठ्ठ्याण्णवचा मुक्काम

मी फासा बोलतोय. लाकडी आहे, कोपरे झिजलेत, आणि तोंडाने जरा फटकळ आहे. जिच्या हातून घडलो तिचाच गुण, दुसरं काय!

ती सुतारकाम करायची. शाळेची पायरी कधी चढली नाही. बघून बघून, बोटं ठेचून घेत शिकली. 'माझी चौकट सूतभर हलली तर नाव बदलीन,' हे तिचं पालुपद. एकदा तिची नऊ वर्षांची भाची कामाच्या खोलीत भुशाच्या ढिगावर बसून रडत होती. बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलं होतं, 'गणितात अगदीच कच्ची.'

'सोमवारपासून मी शाळेत जाणार नाही,' भाचीने जाहीर केलं. 'मला आकडेच येत नाहीत.'

'येत नाहीत म्हणे! आकडे काय पाहुणे आहेत, बोलावल्यावर यायला?' असं म्हणत मावशीने खिडकीच्या चौकटीतून उरलेला तुकडा उचलला. तोंडाने बाईंचा उद्धार, हाताने गिरमिट. एकेक करत माझ्या अंगावर टिंबं उमटली. मग एका फळीवर तिने खिळ्याने सापशिडी ओरखडली. शंभर घरं, नव्याण्णववर सापाचं तोंड. सोंगट्या म्हणून दोन बटणं.

पहिल्या दिवशी भाची एकेक घर बोटाने मोजायची. तिसऱ्या दिवशी बोट सुटलं. 'चौतीस आणि पाच, एकोणचाळीस! चल मावशी, गिळलं तुला सापाने!' आपण गणित करतोय हे तिला कुणी सांगितलं नाही, मीही गप्प राहिलो. माणसांना ही एक खोडच असते, पोरांचा खेळ रंगात आला की मध्येच उपदेश करायची.

पण अठ्ठ्याण्णवच्या घरात जो गेला तो तिथेच राहिला. सुटायला दोन हवेत, आणि दोन काही पडेनात. एक पडला की साप. रविवारी दोघींची बटणं सापावरून घसरत, पुन्हा चढत, तासभर त्याच घराशी अडून होती.

'नशीब!' मावशी म्हणाली.

'नशीब नाही. तुझा फासा चुकलाय.'

'काय म्हणालीस? ए शहाणे, माझ्या हातून चूक होत नाही! साधी बेरीज जमत नाही आणि मला शिकवतेस?'

शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. पण जिभेला रंधा कोण मारणार?

मला वाटलं, झालं, उद्यापासून शाळा सुटली. पण तिने खडू उचलला, जमिनीवर एक ते सहा आकडे लिहिले आणि मला फेकत सुटली. पडेल त्या आकड्याखाली एक रेघ. साठ वेळा! माझी हाडं खिळखिळी झाली.

'एक नऊदा. तीन अकरा, चार आठ, सहा अकरा. पाच मात्र एकवीस. आणि दोनखाली बघ, एकसुद्धा रेघ नाही. पाच सगळ्यांच्या दुप्पट का? म्हणजे पाचच दोनदा असणार!'

मग तिने मला उलटं केलं. वर पाच, खालीही पाच. दोन्ही समोरासमोरच्या बाजूंना. एका वेळी दोन्ही दिसत नाहीत, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मावशीने मला डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाली, 'बाईंना शिव्या घालता घालता हात घसरला वाटतं.' एवढीच तिची माफी. 'आण ती भोकं बुजवायची लांबी. तीन टिंबं बुजवून टाकते.'

'नको गं, असाच राहू दे. उद्या शाळेत नेणार आहे. बाईंना अठ्ठ्याण्णववर बसवते.'

'बसव,' मावशी म्हणाली. 'आणि लवकर उठू देऊ नकोस.'

ती भाची आता स्वतःच बाई आहे. दरवर्षी नव्या वर्गाच्या हाती मला देते, माझ्यातल्या चुकीबद्दल एक शब्द न सांगता. किती हात, किती बाकांखालची धूळ! टिंबं पुसट होत आलीत. आता फार वर्षं उरली नाहीत, म्हणून एकच सांगून ठेवतो. पोरांना मोठ्यांची चूक सापडली तर डोळे वटारू नका. खडू द्या आणि मोजू द्या.

आता हेच बघा ना. मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी पोरगी सकाळपासून वहीत रेघा मारतेय. आत्ता उठून उभी राहिली.

'बाई,' ती चाचरत विचारते, 'एक सांगितलं तर रागावणार नाही ना?'

बाईंनी खडू तिच्यापुढे धरलाय.